सिगटर्मचं एक्सेप्शन केलं तरी लॉक अडकतं: कळमन्याच्या काट्यावर सापडलेलं कारण आणि उपाय

लक्षण असं आहे. पायथनमध्ये लिहिलेली एक सेवा लिनक्सवर सिस्टमडीखाली (सेवा सुरू करणारी आणि थांबवणारी यंत्रणा) चालते. दिवसभर काही तक्रार नाही. मशीन बंद होऊन परत सुरू झालं की बहुतेक वेळा तीही मुकाट्यानं उठते. पण मधूनच एखाद्या दिवशी ती उठते आणि पहिल्याच नोंदीला अडून बसते. लॉगमध्ये एवढंच सापडतं, की नोंदवही दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवली आहे. बघायला गेलं तर धरणारं कुणीच नसतं. मागं राहिलेली असते ती फक्त लॉकची फाइल, म्हणजे 'वही सध्या माझ्या हातात आहे' असं इतरांना सांगणारी खूण. ती हातानं उडवली की काम सुरू. काही दिवसांनी पुन्हा तेच.

माझ्याकडे हे घडलं ते नागपूरच्या कळमना बाजारात, संत्र्याच्या एका अडत्याच्या गाळ्यात. तिथला इलेक्ट्रॉनिक काटा सीरियल केबलनं एका छोट्या संगणकाला जोडलाय. क्रेट काट्यावर चढले की वजन वाचायचं, नोंदवहीच्या फाइलमध्ये लिहायचं, पावती छापायची, एवढंच या प्रोग्रामचं काम. तीच फाइल हिशेबाचा प्रोग्रामही वाचतो, म्हणून प्रत्येक नोंदीपुरतं लॉक घ्यायचं आणि सोडायचं. वीज गेली तरी काट्याला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे तोलाई थांबत नाही. संगणक मात्र यूपीएसवर काही मिनिटं तग धरतो आणि मग यूपीएस त्याला रीतसर बंद व्हायला सांगतं. म्हणजे नेमका काम चालू असतानाच सिगटर्म, प्रोग्रामला 'थांब' असं सांगणारा सिग्नल, येतो.

अंबिया बहाराचा माल भरात असतो त्या डिसेंबरच्या दिवसांत सकाळी सकाळी दिवाणजींचा फोन यायचा. "भाऊ, काटा चालू आहे, वजन दिसून राहिलं, पण पावतीच निघून नाही राहिली." मी गायत्रीनगरला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. फोनवर सांगून फाइल उडवता आली तर ठीक, नाहीतर मेट्रोनं प्रजापती नगर आणि तिथून पुढं ऑटो. तोवर काटोल-नरखेडकडून रात्रीचा प्रवास करून आलेले शेतकरी पावतीसाठी ताटकळत उभे. एका रिकाम्या फाइलपायी कुणाचा तरी माल अडतो, हे मला फार लागायचं. म्हणून हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं आणि इथं मांडतोय. काट्याचा प्रोग्राम हे निमित्त. सिग्नलचं एक्सेप्शन (चालू काम तोडून वर फेकली जाणारी अडचणीची सूचना) करणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामाला हेच भोगावं लागतं.

आधी बघा, प्रोसेस मेली कशानं

सिग्नलनं प्रोसेस मेली की शेल १२८ मध्ये सिग्नलचा क्रमांक मिळवून एक्झिट कोड दाखवतं. १३० म्हणजे सिगइंट, कंट्रोल-सी दाबल्यावर येतो तो. १४३ म्हणजे सिगटर्म. १३७ म्हणजे सिगकिल, सक्तीनं मारणारा. १३९ म्हणजे सिगसेगव्ही, चुकीच्या मेमरीला हात लावल्यावर येतो तो. पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलमधून पाहिलं तर क्रमांक उणे होऊन येतो, म्हणजे सिगटर्मसाठी उणे १५.

सिस्टमडीवर भिस्त ठेवली तर मात्र इथं फसायला होतं. सिगटर्मनं मेलेली सेवा त्याच्या लेखी व्यवस्थित थांबलेली सेवा असते. सिगहप, सिगइंट आणि सिगपाइपचंही तसंच. त्यामुळे स्टेटस विचारलं तर 'फेल्ड' असं कुठंच येत नाही. मी बरेच दिवस लॉगमध्ये बिघाडाची ओळ शोधत होतो, आणि ती कुणी लिहिलेलीच नव्हती.

पायथन सिगइंटसाठी स्वतःचा हँडलर, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन, बसवतं आणि त्यातून कीबोर्डइंटरप्ट हे एक्सेप्शन उभं करतं. सिगटर्मसाठी ते काहीच बसवत नाही. मग कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, ठरलेली कृती लागू होते: प्रोसेस जागच्या जागी संपवणं. फायनली (काहीही झालं तरी शेवटी चालायचा भाग) चालत नाही, विथचा बाहेर पडतानाचा भाग चालत नाही, प्रोग्राम संपताना चालवायला एटएक्झिटला नोंदवलेलं फंक्शनही चालत नाही. घरी टेबलावर कंट्रोल-सी दाबून तपासलं तर लॉक नीट सुटतं आणि गाळ्यात सिगटर्म आला की अडकतं, त्याचं कारण एवढंच. रूबी भाषेत सिगटर्म आला तरी मुख्य थ्रेडमध्ये (प्रोग्राममधल्या कामाच्या मुख्य धाग्यात) सिग्नलएक्सेप्शन उभं राहतं, त्यामुळे रूबीची सवय असलेला माणूस इथं हमखास चुकतो.

पहिला उपाय आणि तो का पुरला नाही

उपाय सोपा वाटतो. सिगटर्मला हँडलर बसवा आणि त्यात सिस्टमएक्झिट उभं करा. आता सिगटर्म कंट्रोल-सीसारखाच वागेल, फायनली चालतील, लॉक सुटेल. दोन ओळींचं काम. बहुतेक जण इथंच थांबतात, मीही थांबलो होतो. लॉक अडकण्याचं प्रमाण खरंच खूप कमी झालं. पण थांबलं नाही, आणि प्रत्येक वेळी कारण निराळं निघालं.

पहिलं कारण: कुणीतरी एक्सेप्शन गिळलं. काटा वाचणाऱ्या लूपमध्ये केबल सैल झाली तर पुन्हा प्रयत्न करायला एक ट्राय होता, आणि त्याखाली नुसता एक्सेप्ट, पुढं कुठल्याही प्रकाराचं नाव नाही. सिस्टमएक्झिट त्यात सापडलं, प्रोग्रामनं 'वाचता आलं नाही' अशी नोंद केली आणि पुन्हा वजन वाचायला बसला. थांबण्याची आज्ञा तिथंच विरली. कीबोर्डइंटरप्ट आणि सिस्टमएक्झिट हे दोन्ही २००६ साली आलेल्या पायथन २.५ पासून एक्सेप्शन या वर्गाच्या बाहेर, थेट बेसएक्सेप्शनखाली ठेवले आहेत ते याचसाठी. पकडताना एक्सेप्शन हे नाव लिहिलं तर ते दोघं त्यातून सुटून वर जातात. नुसता एक्सेप्ट सगळ्यांना धरतो. आपल्या कोडमधले असे सगळे एक्सेप्ट शोधून काढा. थांबण्यासाठी स्वतःचा एक्सेप्शनचा प्रकार बनवत असाल तर त्यालाही बेसएक्सेप्शनखालीच ठेवा.

दुसरं कारण थ्रेडचं. पावती छापायला मी वेगळा थ्रेड ठेवला होता. पायथनमध्ये सिग्नलचा हँडलर नेहमी मुख्य थ्रेडमध्येच चालतो, त्यामुळे एक्सेप्शनही तिथंच येतं. छापणाऱ्या थ्रेडला काही कळत नाही. मुख्य थ्रेड निघून जायला लागला की इंटरप्रिटर उरलेल्या थ्रेडसाठी थांबून राहतो, जोवर तो थ्रेड डीमन (ज्याच्यासाठी थांबायचं नाही असा) म्हणून सुरू केलेला नसतो. छापणारा थ्रेड रांगेत पुढची पावती येईल म्हणून वाट बघत बसलेला, आणि मुख्य थ्रेड त्याची वाट बघत. सिस्टमडी ९० सेकंद थांबतं, ही त्याची मूळ मुदत, आणि मग सिगकिल पाठवतं. लॉगमध्ये 'स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट, किलिंग' या अर्थाची ओळ दिसली तर हे प्रकरण आहे असं समजा. आमच्याकडे तर कधी कधी ९० सेकंद पुरायच्या आतच यूपीएसची बॅटरी संपायची.

ही दोन्ही कारणं शोधली की सापडतात. तिसऱ्यानं मात्र माझा अंत पाहिला.

लॉक घेणारा वर्ग मी पायथनमध्येच लिहिला होता. आत शिरताना लॉकची फाइल तयार करायची, बाहेर पडताना उडवायची, आणि वापरायचं विथनं. विथ आपल्याला शब्द देतं की आत शिरणं पूर्ण झालं असेल तर बाहेर पडण्याचा भाग चालेलच. आता असं बघा: फाइल तयार झाली, पण आत शिरण्याचं फंक्शन अजून परतलेलं नाही. त्या फटीत एक्सेप्शन आलं. विथच्या हिशेबानं आपण आत शिरलोच नाही, म्हणून बाहेर पडण्याचा भाग चालत नाही. फाइल मात्र डिस्कवर आहे.

पहिल्यांदा वाटलं, एवढी बारीक फट, त्यात नेमका सिग्नल येणं म्हणजे लाखात एक. हा समज चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे ते नीट समजून घ्या. कर्नलकडून सिग्नल येतो तेव्हा पायथनचा आतला, सी भाषेतला हँडलर फक्त एक खूण करून ठेवतो. आपण लिहिलेला हँडलर नंतर चालतो, इंटरप्रिटर दोन बाइटकोड सूचनांच्या (पायथनच्या आतल्या छोट्या पायऱ्यांच्या) मध्ये येऊन ती खूण बघतो तेव्हा. फाइल तयार करणं हा सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलला सांगितलेलं काम, आहे आणि सावकाश मेमरी कार्डावर तो चांगलाच रेंगाळतो. त्या सबंध रेंगाळण्यात सिग्नल कधीही येवो, आपला हँडलर चालणार तो कॉल परतल्यावर, म्हणजे बरोबर त्या फटीत. फट बारीक असली तरी तिच्या अलीकडचा सगळा वेळ तिच्यातच येऊन पडतो.

हे स्वतः पडताळायचं असेल तर फट रुंद करा. फाइल तयार करण्याच्या ओळीनंतर लगेच अर्ध्या सेकंदाची झोप घाला आणि त्या वेळात सिगटर्म पाठवा. दर वेळी लॉक मागं राहतं. मी हे केलं त्या रात्री पहिल्यांदा खात्री पटली की बिघाड मशीनचा नाही, विजेचाही नाही.

ट्राय-फायनलीनं ही फट बुजत नाही. लॉक ट्रायच्या आधी घेतलं तर फट उरतेच. ट्रायच्या आत घेतलं तर घेतलेलंच नसलेलं लॉक सोडायची वेळ येते. शिवाय फायनली चालू असतानाच दुसरा सिगटर्म आला तर साफसफाईच अर्ध्यावर तुटते. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात हे लपवलेलं नाही: हँडलरमधून उभं केलेलं एक्सेप्शन मुख्य थ्रेडमध्ये बाइटकोडच्या कुठल्याही सूचनेनंतर येऊ शकतं, आणि ज्या प्रोग्रामला भरवशाचं राहायचं आहे त्यानं हँडलरमधून एक्सेप्शन उभं करणं टाळावं, असं तिथं उदाहरणासह लिहिलं आहे. मी ते उशिरा वाचलं.

एक बारीक गोष्ट याच ओघात. ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या डेल या मेथडमध्ये असं एक्सेप्शन आलं तर पायथन ते पुढं पाठवत नाही. 'एक्सेप्शन इग्नोर्ड इन' अशी ओळ छापतं आणि प्रोग्राम चालूच राहतो. सिगटर्म पाठवला आणि काहीच झालं नाही, अशी तक्रार असेल तर लॉगमध्ये ही ओळ आहे का बघा.

ठेच आणि निरोप

इतकं झाल्यावर मी उपाय शोधायचं थांबवून मूळ प्रश्न विचारला: सिग्नलचं एक्सेप्शन होणं कधी बरोबर असतं?

एक्सेप्शन म्हणजे ठेच. कुठल्या दगडाला लागली ते ठाऊक असतं. त्या ओळीनं काहीतरी करायला घेतलं आणि ते फसलं. ट्राय त्या ओळीभोवती घालता येतो तो म्हणूनच. सिगटर्म म्हणजे दारात आलेला निरोप. घरात तेव्हा कुणी जेवत असेल, कुणी झोपलं असेल. निरोपाचा आणि त्या घासाचा काही संबंध नाही. निरोपाला ठेचेचं रूप दिलं की प्रत्येक ओळ ठेच लागण्याची जागा होते, आणि प्रत्येक ओळीभोवती ट्राय घालणं कुणाच्यानं होणार नाही.

पण काही सिग्नल खरोखर ठेचच असतात. सिगसेगव्ही आणि सिगएफपीई (फसलेल्या गणिताचा सिग्नल) हे प्रोसेसरच्या एका ठराविक सूचनेमुळे, तिच्याच जागी उपजतात. त्यांचं एक्सेप्शन करणं योग्य आहे आणि रनटाइम ते करतातही. जावाचं हॉटस्पॉट हे व्हर्च्युअल मशीन बऱ्याच ठिकाणी नल (पत्ता रिकामा आहे का) तपासणीची सूचना घालतच नाही. सरळ त्या पत्त्यावरून वाचतं. पत्ता शून्याजवळचा निघाला की कर्नल सिगसेगव्ही पाठवतं, हॉटस्पॉटचा हँडलर कोणत्या सूचनेवर हे झालं ते बघतो, ती जागा आपल्या माहितीतली असेल तर प्रोसेसरचा पुढचा पत्ता बदलून नलपॉइंटरएक्सेप्शन उभं करणाऱ्या कोडकडे वळवतो. नल नसेल तर तपासणीचा खर्च शून्य. पूर्णांकाला शून्यानं भागलं की एक्स८६ प्रोसेसरवर सिगएफपीई येतो आणि त्यातून अरिथमेटिकएक्सेप्शन होतं. ६४-बिट आर्म प्रोसेसर अशा भागाकाराला अडतच नाही, उत्तर शून्य देऊन मोकळा होतो, म्हणून तिथं तपासणी उघडपणे करावी लागते. गो भाषेतही नल पॉइंटरवरून वाचलं की सिगसेगव्हीचं पॅनिक होतं आणि रिकव्हरनं ते धरता येतं.

जीसीसी या कंपायलरला नॉन-कॉल-एक्सेप्शन्स नावाचा एक पर्याय आहे. त्याचं वर्णन वाचण्यासारखं आहे: ट्रॅप होणाऱ्या (जागीच प्रोसेसरला अडवू शकणाऱ्या) सूचनांमधून, म्हणजे मेमरी वाचणं किंवा अपूर्णांकी गणित यांसारख्यांमधून, एक्सेप्शन फेकायची मुभा तो देतो; सिगअलार्मसारख्या वाटेल त्या सिग्नलच्या हँडलरमधून फेकायची देत नाही. ठेच आणि निरोप यांतला फरक त्यांनी एका वाक्यात आखून दिला आहे. जावाही इथं ठाम आहे. दुसऱ्या थ्रेडमध्ये बाहेरून एक्सेप्शन घुसवणारी थ्रेडची स्टॉप ही मेथड १९९८ सालच्या १.२ आवृत्तीतच 'वापरू नये' अशा यादीत गेली, कारण तिनं लॉक सुटायचे पण त्याखालची माहिती अर्धवट राहायची. सिगटर्म आला की जावा चालू थ्रेडमध्ये काही फेकत नाही. बंद होतानाची हुक्स वेगळ्या थ्रेडमध्ये चालवतं.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. पायथनच्या कोडमधून सिगसेगव्हीला हँडलर बसवायच्या फंदात पडू नका. आतला हँडलर खूण करून परततो, प्रोसेसर तीच सूचना पुन्हा चालवतो, पुन्हा सिगसेगव्ही. आपला हँडलर कधी चालतच नाही आणि प्रोग्राम तिथंच फिरत राहतो. ३.३ आवृत्तीपासून फॉल्टहँडलर हे मॉड्यूल आहे, ते सुरू ठेवा. मरण्याआधी कोणत्या ओळीवर होतो एवढं ते सांगून जातं, आणि सी भाषेतल्या एखाद्या लायब्ररीचा दोष शोधायला तेवढं पुरतं.

टिकलेला उपाय

निरोप येईल तेव्हा येऊ दे. तो वाचायचा कुठं, हे आपण ठरवायचं. हँडलरमध्ये फक्त एक खूण करायची, थांबायचं आहे एवढीच. मग कोडमध्ये आपण निवडलेल्या जागी एक छोटं फंक्शन बोलवायचं. खूण दिसली तर ते आपलं थांबण्याचं एक्सेप्शन उभं करतं. माझ्याकडे ही जागा एकच आहे: एक वजन पूर्ण नोंदवून झालं आणि पुढचं वाचायचं आहे, त्यांच्या मध्ये. तिथं लॉक हातात नसतं आणि पावती अर्धवट नसते. एक्सेप्शनचा फायदा सगळा मिळतो, कितीही खोल फंक्शनमधून सगळे फायनली चालवत ते वर येतं. फक्त ते येतं कुठून, ते आता कोडमध्ये डोळ्यांना दिसतं. दुसरा सिगटर्म आला तर तीच खूण पुन्हा होते, बिघडत काही नाही.

इथं एक नवी अडचण उभी राहते. पूर्वी सिग्नल आला की झोपलेला सिस्टम कॉल अर्ध्यात तुटायचा. २०१५ सालच्या पायथन ३.५ पासून, पेप ४७५ या बदलानंतर, हँडलरनं एक्सेप्शन उभं केलं नाही तर पायथन तो कॉल आपणहून पुन्हा चालू करतं. साठ सेकंदांची झोप लावली असेल तर खूण झाल्यावरही ती झोप पूर्ण होते. हँडलर चालला, खूण झाली, तरी प्रोग्राम मिनिटभर ढिम्म, असं दिसलं तर कारण हे.

त्यावर इलाज आहे सेट-वेकअप-एफडी. एक सॉकेटची जोडी तयार करा, दोन्ही टोकं नॉन-ब्लॉकिंग ठेवा आणि लिहायचं टोक या फंक्शनला द्या. सिग्नल आला की पायथनचा आतला हँडलर त्यात सिग्नलच्या क्रमांकाचा एक बाइट टाकतो. मुख्य लूप काट्याच्या सीरियल पोर्टवर आणि या जोडीच्या वाचायच्या टोकावर एकदमच सिलेक्टनं वाट बघतो. वजन आलं तरी उठतो, निरोप आला तरी उठतो. सिग्नलला पायथनचा हँडलर बसवलेला असायला हवा, नाहीतर बाइट येत नाही.

खूण करायला हँडलरमध्ये काय वापरता याकडे मात्र लक्ष द्या. साधा बूलियन पुरतो. थ्रेडिंगमधला इव्हेंट सेट करायचा मोह होतो, पण त्याच्या आत एक लॉक आहे. मुख्य थ्रेड नेमका त्याच इव्हेंटवर वाट बघायला शिरताना ते लॉक धरून असेल आणि हँडलर, जो त्याच थ्रेडमध्ये चालतो, तेच लॉक मागायला गेला, तर दोघं कायमचे अडकतात. साध्या क्यूलाही हाच धोका. ३.७ मध्ये आलेल्या सिंपलक्यूमध्ये टाकणं मात्र पुन्हा शिरण्यालायक बनवलेलं आहे, रांगच हवी असेल तर ती घ्या. हँडलरमधून लॉगिंग करू नका, त्यालाही लॉक आहे. प्रिंटही नको; बफर लिहिला जात असतानाच पुन्हा लिहायला गेलात तर 'रीएंट्रंट कॉल' असा रनटाइमएरर येतो, आणि तोही वर सांगितल्यासारखा कुठल्याही ओळीवर.

छापणाऱ्या थ्रेडसाठी रांगेत शेवटची एक खास वस्तू टाकतो. ती हाती आली की तो थ्रेड स्वतःहून परततो. मुख्य थ्रेड त्याची वाट बघतो, पण मुदतीनं.

असिंकआयओ (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामं आलटून पालटून चालवायची पायथनची सोय) वापरत असाल तर लूपला सिग्नल हँडलर जोडायची सोय तिथं आहेच, साध्या सिग्नल मॉड्यूलकडे जाऊ नका. ३.११ पासून असिंकआयओ-रन कंट्रोल-सी आल्यावर मुख्य टास्क रद्द करतं, आणि ती रद्दबातल टास्कला पोचते अवेटच्या जागी. तिथंही शेवटी जागा ठरवूनच दिली आहे.

सिगकिलला हँडलर नाही

एवढं सगळं करूनही सिगकिल धरता येत नाही, आणि बॅटरी संपली तर कुठलाच सिग्नल येत नाही. म्हणून लॉकचीच पद्धत बदलली. फाइल आहे म्हणजे लॉक आहे, ही पद्धत मुळात कच्ची. एफसीएनटीएल मॉड्यूलमधलं एफलॉक वापरलं की लॉक कर्नलकडे असतं. प्रोसेस कशीही मेली तरी तिच्या उघड्या फाइलींचे डिस्क्रिप्टर (कर्नलनं दिलेले क्रमांक) बंद होतात आणि लॉक सुटतं. फाइल डिस्कवर राहिली तरी कुणाला अडवत नाही. हे मी सगळ्यात शेवटी केलं, करायला हवं होतं सगळ्यात आधी. तुम्ही आज एकच बदल करणार असाल तर हा करा.

नोंदवहीसाठी दर बदलाला नवी तात्पुरती फाइल लिहायची, एफसिंक करायची म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरते, मग ओएस मॉड्यूलच्या रिप्लेसनं जुन्या नावावर बसवायची. वाचणाऱ्याला जुनी पूर्ण वही दिसते किंवा नवी पूर्ण वही, अर्धी कधीच नाही. दोन्ही फाइली एकाच फाइलसिस्टमवर हव्यात.

मग सिगटर्म नीट हाताळायची गरजच काय, असं वाटेल. गरज आहे. वही शाबूत राहिली तरी काट्यावर चढलेल्या क्रेटची पावती शेतकऱ्याच्या हातात पडायला हवी, आणि ती छापून झाल्यावरच बंद व्हायला हवं.

तपासताना

चालू प्रोसेसनं कोणते सिग्नल धरलेत ते प्रॉकखाली तिच्या स्टेटस फाइलमध्ये दिसतं. सिगसीजीटी या ओळीत हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) पद्धतीतला एक लांब आकडा असतो. उजवीकडून चौथ्या अंकात १३ ते १६ क्रमांकाचे सिग्नल असतात आणि सिगटर्मची किंमत त्यात ४. तो अंक ० असेल तर तुमचा हँडलर बसलेलाच नाही, कोडमध्ये काहीही लिहिलेलं असो. वरच्या सिगआयजीएन ओळीत चौथ्या अंकात १ दिसला तर घाबरू नका, तो सिगपाइप. पायथन स्वतःच त्याकडे दुर्लक्ष करायला सांगतं आणि त्याऐवजी ब्रोकनपाइपएरर देतं.

शेल स्क्रिप्टमधून पार्श्वभूमीत सोडलेल्या प्रोग्रामवर सिगइंट चालत नाही, हीही नेहमीची तक्रार. शेल अशा प्रोसेसला सिगइंट दुर्लक्षित करूनच जन्माला घालतं, दुर्लक्ष एक्झेकनंतरही टिकतं, आणि पायथन ते पाहून आपला हँडलर बसवत नाही. तपासणी सिगटर्मनंच करा.

कंटेनरमध्ये तुमचा प्रोग्राम प्रोसेस क्रमांक १ असेल तर ज्या सिग्नलला हँडलर नाही त्याची मूळ कृतीही कर्नल लागू करत नाही. सिगटर्म नुसता वाया जातो आणि डॉकर १० सेकंदांनी सिगकिल देतो. आज्ञा शेलमार्फत चालवली असेल तर क्रमांक १ शेलचा असतो आणि तो निरोप पुढं देतोच असं नाही.

शेवटची चाचणी मी अशी ठेवली. एक स्क्रिप्ट प्रोग्राम सुरू करतं, खोटी वजनं पाठवत राहतं, कमीजास्त वेळानं सिगटर्म सोडतं आणि मग तीन गोष्टी बघतं: लॉक लगेच मिळतं का, वही पूर्ण वाचता येते का, आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीची पावती निघाली का. पहिल्या उपायावर ही रात्रभर चालवली तेव्हा काही शेकडा फेऱ्यांमागे एखादी नापास व्हायची. आताच्या कोडवर एकही झालेली नाही.

बाहेर पडताना एक्झिट कोड ० द्या. हँडलर बसवून स्वतः १४३ दिलात तर सिस्टमडी ते अपयश मानतं. तोच कोड हवा असेल तर सिस्टमडीच्या सक्सेसएक्झिटस्टेटस या सेटिंगमध्ये १४३ लिहावं लागतं. आणि टाइमआउटस्टॉपसेक, म्हणजे थांबण्यासाठी सिस्टमडी देतं ती मुदत, ९० वर ठेवू नका. गाळ्यातल्या मशीनवर मी तो १५ केला आहे: एक पावती छापून व्हायला पुरतो, आणि बॅटरी अगदी उतरत आली असली तरी तेवढा वेळ हाती असतो.